गणिताच्या नव्या शिक्षकानं तयारी कशाची करावी?

सरकारी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन परभणीकडचे एक तरुण सर गुहागर तालुक्यातल्या एका शाळेत नुकतेच रुजू झालेत. सहावी ते आठवीचं गणित त्यांच्याकडे आहे. त्यांनी विचारलंय, "बी.एस्सी.ला गणितच होतं, बी.एड. झालंय, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही पास आहे. धड्याचं टाचण रोज काढतो. वर्ग शांत बसतो, 'समजलं का?' म्हटलं की 'हो सर' म्हणतो, आणि चाचणीत अर्ध्या मुलांचा भोपळा. मी आणखी कसली तयारी करू?"

सर, मी याच रत्नागिरी जिल्ह्यात तीस वर्षं गणित शिकवलं आणि नंतरची काही वर्षं नव्या शिक्षकांसोबत काम केलं. हा प्रश्न दर जूनमध्ये कुणीतरी विचारतंच. आपण फळ्यावर काय लिहिणार आणि काय बोलणार, याची तयारी तुम्ही नीट केली आहे. आता मुलं कोणती चुकीची उत्तरं देतील आणि का देतील, याची तयारी करा. टाचणवहीत त्यासाठी रकाना नसतो, म्हणून ती राहून जाते.

माझ्या पहिल्या वर्षातली एक वही मला अजून डोळ्यांसमोर दिसते. सहावीतला मुलगा, वजाबाकीची दहा गणितं. ४०२ वजा १५७, त्याचं उत्तर ३५५. ५३१ वजा २७८, उत्तर ३४७. मी दहाच्या दहा गणितांवर लाल फुल्या मारल्या आणि खाली 'सराव करणे' असं लिहिलं. त्यानं सरावही केला, तसाच. कितीतरी महिन्यांनी लक्षात आलं की तो प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होता. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले, पाच उरले. दहाही गणितांत एकच नियम, एकदाही चूक न करता पाळलेला. त्या मुलाला सराव नको होता. 'तू हे कसं केलंस?' एवढं विचारणारं कुणीतरी हवं होतं आणि मी विचारलं नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मुलं क्वचितच वाटेल ते लिहितात. बहुतेक चुकांच्या मागे नियम असतो आणि तो नियम दुसरीकडे कुठेतरी खरा ठरलेला असतो. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या प्रकारच्या जाणतेपणाला वेगळं स्थान दिलं. विषय येणं ही एक गोष्ट, शिकवण्याची तंत्रं येणं ही दुसरी. आणि हा विषय या मुलांना नेमका कुठे अडतो, कोणत्या उदाहरणानं सुटतो, हे कळणं ही तिसरी. पदवीनं तुम्हाला पहिली दिली, बी.एड.नं दुसरी. तिसरी शाळेतच मिळते, पण आपोआप मिळत नाही. वीस वर्षं शिकवूनही ती न मिळालेली माणसं मी पाहिली आहेत.

सुरुवात घरातूनच करा. टीईटीची पुस्तकं तुमच्याकडे अजून असतील. पेपर दोनमध्ये १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञानाचे, चार पर्यायांतून एक निवडायचा. तेव्हा तुम्ही बरोबर पर्याय शोधत होतात. आता तेच पुस्तक उघडा आणि उरलेले तीन पर्याय वाचा. चांगल्या प्रश्नातले चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या चुकांवरूनच बेतलेले असतात. हा पर्याय निवडणाऱ्यानं काय केलं असेल, हे प्रत्येकासमोर पेन्सिलनं लिहा. एका संध्याकाळी दहा प्रश्न पुरेत.

मग एक वेगळी वही करा. कुणाला दाखवायची नाही, तपासणीसाठी ठेवायची नाही. धडा सुरू करण्याआधी त्यातली सगळी उदाहरणं स्वतः सोडवा, शक्य तिथे दोन रीतींनी, आणि पानाच्या उजव्या बाजूला येऊ शकतील अशी चुकीची उत्तरं लिहा. माझ्या वहीतलं अपूर्णांकांच्या बेरजेचं पान सांगते.

डावीकडे १/२ + १/३. उजवीकडे: २/५ येणार. कारण: वरचे वर, खालचे खाली, पूर्ण संख्यांची बेरीज अशीच तर करतात. त्याखाली दोन ओळी: 'अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा ठेवला आणि झाली अर्ध्याहून कमी? २/५ अर्ध्याहून लहान आहे हे मुलांकडूनच काढून घ्यायचं.' 'त्याच रीतीनं १/२ + १/२ करायला सांगायचं. २/४ येईल, म्हणजे पुन्हा अर्धाच.' त्याच्याही खाली नंतर वेगळ्या शाईनं लिहिलेली एक ओळ आहे, ती मला एका मुलानं शिकवली. तो म्हणाला, "बाई, कबड्डीत असंच करतात की." पहिल्या डावात दोन चढायांपैकी एक यशस्वी, दुसऱ्यात तीनपैकी एक, एकूण पाचांपैकी दोन. त्याचं खरं होतं! तिथे २/५ हेच उत्तर. कारण तिथे दोन वेगवेगळ्या पूर्णांचे भाग आहेत आणि शेवटी पूर्णच बदलतो. भाकरीच्या उदाहरणात पूर्ण एकच. तो तास मी छेद समान करण्याच्या रीतीवर घालवणार होते. घालवला 'पूर्ण कोणता?' या प्रश्नावर. त्या वर्गाला पुढे शेकडेवारी शिकवताना मला निम्मेच कष्ट पडले.

आता थोडं अवघड बोलते. आपल्याला गणित येतं, हे आपण सगळेच गृहीत धरतो. प्रशिक्षणात मी शिक्षकांना एक काम देते: ३ भागिले ३/४ याचं शाब्दिक उदाहरण तयार करा. उत्तर सगळे क्षणात देतात, चार. उदाहरण मात्र बरेच जण 'तीन लिटर सरबताचा पाऊण भाग' असं करतात. तो गुणाकार झाला, त्याचं उत्तर सव्वादोन. भागाकार असा: तीन लिटर कोकम सरबत आहे, पाऊण लिटरच्या बाटल्या भरायच्या आहेत, किती भरतील? आणि 'उलटा करून गुणा' हे कुठून आलं तेही इथेच दिसतं. तीन लिटरचे पाव-पाव लिटर केले, तीन चोक बारा. प्रत्येक बाटलीत तीन पाव. बारा भागिले तीन. म्हणजे आधी चारानं गुणलं, मग तीनानं भागलं. नियम मुलांना द्यायचाच आहे, पण तो या बाटल्यांतून बाहेर आला पाहिजे.

दुसरं काम बीजगणिताचं. एका होडीवर सहा खलाशी. होड्यांची संख्या ह, खलाशांची संख्या ख. समीकरण लिहा. खोलीतले निम्म्याहून जास्त शिक्षक ६ख = ह असं लिहितात, कारण वाक्य तसंच कानावर पडतं: सहा खलाशी, एक होडी. दोन होड्या घालून बघा म्हटलं की चूक दिसते. खलाशी बारा, म्हणजे ख = ६ह. इथे अक्षराकडे वस्तूचं नाव म्हणून पाहिलं गेलं, संख्या म्हणून नाही. आणि ही सवय लावतो कोण? आपणच. '३अ + २अ म्हणजे तीन आंबे आणि दोन आंबे' असं सहावीत शिकवलं की आठवीत ही होडी बुडते. आंब्याचंच उदाहरण हवं असेल तर पेटी घ्या. एका पेटीत अ आंबे आहेत, किती ते झाकण उघडेपर्यंत माहीत नाही. अशा तीन पेट्या आणि दोन पेट्या. पेटी चार डझनाची, पाच डझनाची, सहा डझनाची असते हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. 'अ बदलू शकतो' हे त्याला वेगळं समजावायला लागत नाही.

भाषेचंही बघा. तुमची मराठी परभणीची, मुलांच्या घरची संगमेश्वरी बोली आणि पुस्तकाची तिसरीच. गणितात शिवाय ओळखीचे शब्द अनोळखी अर्थानं येतात. घात म्हणजे दगा, व्यस्त म्हणजे कामात असलेला, कर्ण महाभारतातला. 'व्यस्त संख्या' ऐकून एका मुलीनं मला सरळ विचारलं होतं, "ती कसल्या कामात असते?" नवा शब्द आला की त्याचा रोजचा अर्थ काय आणि इथला काय, हे दोन मिनिटं बोला. सेमी इंग्रजी असेल तर त्यात आणखी एक थर चढतो. 'न्यूमरेटर' म्हणणारी मुलं 'अंश' म्हटल्यावर गप्प बसतात. पहिल्या आठवड्यात संख्यांचं श्रुतलेखनही घ्या. 'एकोणसाठ' म्हटल्यावर ६९ लिहिणारी मुलं सातवीतही सापडतात, कारण कानाला 'साठ' लागतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा शांतपणे बाजू मांडली होती. तुमचं त्याबद्दल मत काहीही असो, आपले संख्यावाचक शब्द मुलांना अडतात ही त्यांची मूळ गोष्ट वर्गात उभं राहिल्यावर नाकारता येत नाही.

आता तुमचं 'हो सर'. 'समजलं का?' हा प्रश्न उद्यापासून बंद करा. त्याला 'हो' शिवाय उत्तर नाही. इथली मुलं बाहेरून आलेल्या शिक्षकासमोर आधीच बुजतात, आपल्या बोलण्याला हसतील म्हणून तोंड उघडत नाहीत. त्याऐवजी एक चुकीचं उत्तर नाव न घेता फळ्यावर लिहा आणि विचारा, "हे ज्यानं काढलं त्यानं काय विचार केला असेल?" मग गप्प राहा. मनात दहा अंक मोजा. ही शांतता नव्या शिक्षकाला सोसवत नाही, तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. सोसा. चार-पाच दिवसांत कोपऱ्यातून कुणीतरी बोलेल. जो पहिला बोलेल त्याचं उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगू नका, "आणखी कुणाला वेगळं वाटतं?" म्हणा.

परिसरातली उदाहरणं घ्या, असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. बहुतेकदा त्याचा अर्थ पुस्तकातल्या सफरचंदांच्या जागी काजू घालणं एवढाच होतो, आणि त्यानं काही साधत नाही. उदाहरणात गणित खरोखर काम करत असलं पाहिजे. तुमची शाळा किनाऱ्याजवळ आहे, म्हणून भरतीचा धडा सांगते.

सातवीत गुणोत्तर चालू होतं. कोळीवाड्यातली एक मुलगी म्हणाली, "आजोबा तिथीची पाऊणपट करतात." हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. तिथीला ३/४ नं गुणा, येतील तितके वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. जुन्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे पाठ असायचे, त्यामुळे हे तोंडावर यायचं. मी फळ्यावर प्रतिपदेपासून पूर्ण तक्ता करून घेतला. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर कधी बोलला नव्हता, म्हणाला, "बाई, मग दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता कशी? एका दिवसात दीड तास?" खरंच होतं. रोज पाऊण तास पुढे सरकणारी भरती त्या एकाच दिवशी दीड तास उडी मारत होती.

मग आम्ही मागून सुरुवात केली. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तीस तिथी. तेवढ्यात भरतीची वेळ चोवीस तासांचा पूर्ण फेरा करून जागेवर येते. म्हणजे तिथीमागे २४/३०, चार पंचमांश तास, ४८ मिनिटं. आजोबांचा पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीला तीन मिनिटं कमी, पंधरा तिथींत पंचेचाळीस मिनिटं, आणि बारातून सव्वाअकरा गेले की नेमका तोच पाऊण तास उरतो! मुलांनी टाळ्या वाजवल्या, मी सांगितलं नव्हतं. मग आजोबा चुकले का? नाही. दर पंधरवड्याला हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे चूक साचत नाही. होडी काढायला एवढा अंदाज पुरतो आणि पाऊणकी पाठ असते, चार पंचमांशाचा पाढा कुणालाच नव्हता. शिवाय खरी भरती रोज सारखी सरकत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ती कमी सरकते, अष्टमीच्या आसपास जास्त, आणि बंदराबंदरात वेळ वेगळी असते. हे तपासायला मुलं आठवडाभर जेटीवर जाऊन वेळा लिहून आणत होती. अपूर्णांकांचा गुणाकार, गुणोत्तर, अंदाज आणि चूक, सगळं एका धड्यात आलं. हा धडा मी आधी योजलेला नव्हता, पण मुलांच्या बोलण्यातून गणित उचलायची सवय लागली होती म्हणून तो हातातून निसटला नाही.

कोळीवाड्यातली आणि बाजारात बसणाऱ्यांची मुलं तोंडी हिशेबात पक्की असतात. साठ रुपये वाटा, तीन वाटे घेतलेत तर दीडशेला देते, हे आठवीतली मुलगी डोळे मिटून सांगते. 'शेकडा सूट किती?' म्हटलं की तीच मुलगी वहीत डोकं खुपसते. तिला येत नाही असं समजू नका. तिच्या तोंडचा हिशेब आधी फळ्यावर लिहा, तिच्याच शब्दांत, आणि तिथून सूत्राकडे या. इथल्या पोरांना गणित जमत नाही, असं तुम्हाला स्टाफरूममध्ये कुणी सांगेल. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले, आणि त्याच तालुक्यातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले, झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय. मी हे मुलांना दरवर्षी सांगायचे, नकाशावर गाव दाखवून.

आठवीत भागाकार न येणारी मुलं तुम्हाला मिळतीलच. त्यांना वेगळं बसवून तिसरीपासून सुरू करू नका, ती मान खाली घालून बसतात आणि मग शाळेत येणंच कमी होतं. तासाची पहिली दहा मिनिटं सगळ्या वर्गाला त्या दिवसाच्या धड्याला लागणारं तेवढंच जुनं द्या. पाढे पाठ हवेतच, याबाबत मी जुन्या मताची आहे. सात आठे छप्पन्न आठवायला ज्याला बोटं मोजावी लागतात, त्याच्या डोक्यात समीकरणाला जागा उरत नाही. शाळा लहान असेल आणि सहावी-सातवी एकत्र बसत असतील, तर दोन्ही वर्गांचा एक विषय एका आठवड्यात आणा: सहावीला शेकडेवारी, सातवीला समप्रमाण. एकाच बाजारभावावर दोघांना काम देता येतं.

एकट्यानं करू नका एवढं मात्र सांगते. केंद्राच्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत जवळच्या शाळांतले गणिताचे दोन शिक्षक गाठा. तिघांनी मिळून एक धडा बेता. एकानं शिकवायचा, दोघांनी मागे बसायचं. मागे बसणाऱ्यांनी शिक्षकाकडे पाहायचं नाही, प्रत्येकानं तीन-तीन मुलांच्या वह्यांकडे पाहायचं: पेन कुठे थांबलं, काय खोडलं, शेजाऱ्याकडे कधी बघितलं. जपानमध्ये शिक्षक कित्येक पिढ्या असंच शिकत आलेत. संध्याकाळी चहा घेताना फक्त त्या वह्यांबद्दल बोला, सरांच्या अक्षराबद्दल नाही.

सोमवारी सहावीत दशांश अपूर्णांक सुरू करताय, असंही तुम्ही लिहिलंय. तर रविवारी वहीत हे लिहून ठेवा: ०.३५ आणि ०.५ यांत मोठा कोणता? बरीच मुलं ०.३५ म्हणतील, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे. कोळणीकडचा इलेक्ट्रॉनिक काटा त्यांनी पाहिलेला असतो. त्यावर अर्धा किलो ०.५०० दिसतो, ०.५ नाही, कारण काटा नेहमी तीन घरं भरतो. म्हणून विचारा, काट्यावर ०.३५ किलो कसं दिसेल, ०.५ कसं? ०.३५० आणि ०.५०० शेजारी लिहिले की मुलं स्वतःच उत्तर बदलतील. पण तिथेच थांबू नका, कारण काट्यामुळे दुसरी चूक शिरते: टिंबाच्या अलीकडे किलो, पलीकडे ग्रॅम, म्हणून १.५ किलो म्हणजे एक किलो पाच ग्रॅम. हे कुणी बोललं नाही तर तुम्हीच फळ्यावर लिहा आणि विचारा, दीड किलो बांगडे मागितले आणि कोळणीनं एक किलो पाच ग्रॅम दिले, तर आई काय म्हणेल? त्यावर वर्गात जो गोंधळ होईल तो होऊ द्या, आणि कोण काय बोललं ते त्याच दिवशी वहीच्या उजव्या बाजूला लिहून ठेवा.